तारा निघाल्यावर

शंकेखोर : दात सरळ करण्याला माझा विरोध नाही. ‘झालं तुमचं काम’ म्हणून माणसाला घरी पाठवण्याला आहे. आईबाप बारा-तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन जातात. डॉक्टर ठसे घेतात, एक्स-रे काढतात, दीड-दोन वर्षांचा अंदाज देतात, हप्ते ठरतात. या सगळ्या बोलण्याला एकच शेवट असतो, तारा निघण्याचा. घरातले सगळे त्या दिवसाकडे डोळे लावून बसतात. तो उजाडला की फोटो निघतात आणि जाता जाता मुलीच्या हातात एक पारदर्शक पट्टी, म्हणजे रिटेनर, पडते : ही रात्री लावायची. किती दिवस? लावत राहा. दहावी जाते, बारावी जाते, हॉस्टेलच्या सामानात पट्टी हरवते आणि एक दिवस आरशात दिसतं की खालचे पटाशीचे दात पुन्हा एकमेकांच्या अंगावर चढायला लागलेत. ये रे माझ्या मागल्या! मग डॉक्टर विचारतात, रिटेनर लावत होतीस का? म्हणजे दात सरळ झाले तर श्रेय उपचाराचं आणि वाकडे झाले तर दोष पेशंटचा. ज्याची राखण आयुष्यभर करायची आहे ते दोन वर्षांचं काम म्हणून गळ्यात मारणं मला पटत नाही.

पुरस्कर्ता : शेवट चुकीचा सांगितला जातो, हे मान्य. पण तो का चुकतो ते बघा. आपल्याला वाटतं, दात ओढून जागेवर आणला की तो तिथला झाला. दात हाडाला थेट चिकटलेला नसतोच. मुळाभोवती तंतूंचं पातळ अस्तर असतं, साधारण ०.२ मिलिमीटर जाडीचं. तारेचा हलका दाब आला की दाबाच्या बाजूचं हाड पेशी खाऊन टाकतात आणि ताणाच्या बाजूला नवं हाड भरलं जातं. महिन्याकाठी साधारण एक मिलिमीटर, एवढीच ती चाल. जोर वाढवून ती पळवायला गेलं तर मुळं झिजण्याचा धोका वाढतो. आता तारा निघतात त्या दिवसाची स्थिती बघा. दात जागेवर आलाय, पण भोवतीचं हाड कोवळं आहे आणि तंतू ताणलेले आहेत. मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात. हाडाच्या वरचे, हिरडीतले तंतू फार चिवट. दात गोल फिरवून सरळ केलेला असेल तर ते जवळजवळ वर्षभर त्याला मागे खेचत राहतात. राइटान नावाच्या नॉर्वेजियन संशोधकाने कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे दाखवून दिलं, त्यालाही आता साठ-सत्तर वर्षं झाली. तेव्हा सुरुवातीचे काही महिने जेवणं आणि दात घासणं सोडून दिवसभर रिटेनर, आणि पुढे रात्रीचा, हा डॉक्टरांचा हट्ट नाही. आणि आयुष्यभर म्हटलं की तुम्ही दचकता कशाला? चष्मा लावणारा माणूस आयुष्यभर लावतोच की.

शंकेखोर : चष्म्याचा दाखला तुम्हा लोकांचा ठरलेला आहे, पण तो टिकत नाही. चष्मा हा उपचार पूर्ण झाला असं म्हणून कुणी विकत नाही. चार दिवस चष्मा घातला नाही तर नंबर वाढत नाही आणि सापडल्यावर तोच चष्मा पुन्हा डोळ्यांवर बसतो. रिटेनर महिनाभर खणात राहिला तर बसतच नाही. दुसरं म्हणजे, पहिल्या वर्षाचं तुमचं शास्त्र मला मान्य आहे. त्यानंतरचं काय? या विद्येचा इतिहासच एका आशेचा आहे : दात एकदा नीट बसवले की ते आपले आपण तिथे राहतील. एडवर्ड अँगल हे आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक. वाकड्या दातांचं त्यांनी १८९९ मध्ये केलेलं वर्गीकरण आजही कॉलेजात शिकवतात. त्यांचं म्हणणं, एकही दात काढू नका. वरखालचे दात योग्य चाव्यात आणा, हाड आपोआप त्यांच्याभोवती वाढेल आणि काम टिकेल. ते टिकलं नाही. त्यांचेच शिष्य चार्ल्स ट्वीड. ॲरिझोनात प्रॅक्टिस करताना आपल्याच पेशंटांचे दात बिघडलेले त्यांनी पाहिले, गुरूचा शब्द मोडला, उपदाढा काढून त्याच पेशंटांवर नव्याने उपचार केले आणि १९४० च्या सुमारास सगळ्यांपुढे मांडले. आता म्हणे टिकणार. मग सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिट्ल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढूनच उपचार केलेले, रिटेनर थांबवून दहा वर्षं उलटलेले लोक परत बोलावून तपासले. १९८१ मध्ये आलेला निष्कर्ष असा : खालचे पुढचे दात समाधानकारक राहिलेत असे तीस टक्क्यांहूनही कमी. वीस वर्षांनंतरचा हिशेब १९८८ मध्ये आला, तर दहाच टक्के. दात काढा नाहीतर ठेवा, पुढचे पाढे पंचावन्न. मग पालकांना हे आकडे पहिल्याच दिवशी का सांगत नाहीत?

पुरस्कर्ता : सांगायला हवेत. पण पूर्ण सांगायचे. ते सगळे रिटेनर थांबवलेले लोक होते. म्हणजे राखण सोडली तर काय होतं याचे हे आकडे आहेत, उपचार कुचकामी असल्याचे नव्हेत. आणि त्याच विद्यापीठात ज्यांच्या दातांना कधीच तार लागली नव्हती, ज्यांचे दात मुळातच चांगले होते, अशांचेही वर्षानुवर्षांचे ठसे तपासले गेले. त्यांचेही खालचे दात वयाबरोबर दाटत गेले होते. जबड्याची कमान हळूहळू आखूड होते, दात किंचित पुढे सरकत राहतात. तिशी-चाळिशीतल्या कुणालाही विचारा, खालच्या दातांत आताशा अन्न अडकतं म्हणतील. लोक याचं खापर अक्कलदाढेवर फोडतात. ती मागून ढकलते म्हणतात आणि दात पुन्हा वाकडे होऊ नयेत म्हणून चांगली दाढ काढून घेतात. एवढ्यासाठी ती काढण्याला आधार मिळालेला नाही. जिला अक्कलदाढ आलीच नाही तिचेही दात दाटतातच. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करा. दात मागच्या जागी परतणं हे पहिल्या एक-दोन वर्षांतलं. त्यापुढचं बरंचसं दाटणं हे वय वाढणं आहे. पहिलं थांबवणं आमचं कर्तव्य, दुसरं थांबवायचं की नाही हे तुमच्या मर्जीवर.

शंकेखोर : हे वेगळं केलंत ते बरं झालं, कारण माझा मुद्दा आता जास्त टोकदार होतो. वय थांबवायचं असेल तर तो सौंदर्याचा प्रश्न आहे, आणि तो तेरा वर्षांच्या मुलीच्या वतीने तिच्या आईबापांनी तिच्या चाळिशीपर्यंत ठरवून टाकलेला आहे. असो. त्याआधीचा हिशेब अजून झालेला नाही. रिटेनर हरवला तर दात वाकडे होतील, त्यात कुणी मरत नाही. पण तारा लावलेल्या काळात दाताच्या एनॅमलचं जे होतं ते परत येत नाही. तार धरणारे, दातांवर चिकटवलेले ब्रॅकेट निघतात आणि खाली प्रत्येक दातावर खडूसारखी पांढरी चौकट उमटलेली. १९८२ मधला एक अमेरिकन अभ्यास बहुतेक ऑर्थोडॉन्टिस्टांना माहीत असतो : तारा लावलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांच्या निदान एका दातावर असा डाग सापडला, तारा न लावलेल्यांत साधारण पाव. आमच्या नात्यातल्या एका मुलाचे दात आज ओळीत उभे आहेत, पण फोटो काढताना तो तोंड मिटतो. पूर्वी वाकड्या दातांमुळे मिटायचा, आता डागांमुळे. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, याला दुसरं काय म्हणायचं?

पुरस्कर्ता : इथे मी तुमच्याशी वाद घालणार नाही, तुमच्यापेक्षा जास्त रागावणार आहे. कारण हे टाळता येतं. डाग तारेने पडत नाही. ब्रॅकेटच्या कडेला जो पांढरट चिकट थर बसतो त्यातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात. तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम विरघळायला लागतं. लाळ ते परत भरून काढते, पण तिला वेळ लागतो, अर्धा-पाऊण तास तरी. म्हणून साखर किती खाल्ली याच्याइतकंच ती कितीदा खाल्ली हेही महत्त्वाचं. जेवणाबरोबर दोन जिलब्या खाणाऱ्यापेक्षा सकाळपासून चार वेळा चहा-बिस्किट घेणाऱ्याचे दात जास्त धोक्यात. गूळ ‘नैसर्गिक’ म्हणून सुटत नाही. संक्रांतीचा तिळगूळ दोनदा घात करतो, चिकटून आम्ल करतो आणि कडक वडी असेल तर ब्रॅकेटही उखडतो. आणि डाग पडायला दोन वर्षं लागतात असं समजू नका. थर साचू दिला आणि फ्लोराइड नसलं तर चार आठवड्यांत तो डोळ्यांना दिसू शकतो. तुम्ही म्हणालात त्याच १९८२ च्या अभ्यासातली दुसरी नोंद सहसा कुणी सांगत नाही : खालच्या पुढच्या दातांच्या मागे चिकटवलेल्या तारेखाली, वर्षानुवर्षं राहूनही, डाग सापडले नाहीत. का? तिथे लाळ सतत वाहत असते. म्हणजे दाताला चिकटलेली वस्तू गुन्हेगार नाही. धुतलं जाणं न जाणं, सगळा खेळ त्यावर.

आता धुण्याचं. आपल्याकडे दात घासणं म्हणजे सकाळी एकदा, तोंडात फेस होईपर्यंत. तारा असताना रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ आटते. ब्रश आधी ब्रॅकेटच्या वर तिरका धरायचा, हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या पट्टीवर, मग खालून तसाच, मग चावायच्या बाजू आणि मागून. तारेखाली जाणारा बारीक बाटलीब्रशासारखा इंटरडेंटल ब्रश घेतला तर निम्मं काम तोच करतो. औषधाच्या दुकानात रंग चढवणाऱ्या गोळ्या मिळतात. चघळून चूळ भरली की न घासलेली जागा गुलाबी दिसते. पोरांना आठवड्यातून एकदा ती द्या, उपदेश करावा लागत नाही. आणि पेस्ट. भारतात पेस्टमधलं फ्लोराइड १००० पीपीएमपर्यंतच ठेवता येतं आणि ते ट्यूबवर छापावं लागतं. ट्यूब फिरवून वाचा. ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’ म्हणून घरात आलेल्या कित्येक पेस्टींत फ्लोराइड अजिबात नसतं. जाहिरातीतल्या लवंगेने एनॅमल परत भरत नाही. घासून झालं की थुंका, पण आपल्या सवयीप्रमाणे खळखळून चूळ भरू नका, नाहीतर लावलेलं सगळं बेसिनमध्ये जातं. डॉक्टरांनीही दर भेटीत तार आवळण्याआधी दात बघायला हवेत आणि डाग दिसू लागला तर फ्लोराइडचा वॉर्निश लावायला हवा. मात्र यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथल्या मुलांचे दात आधीच पांढरट-पिवळट असतात. तिथे उपचाराआधी दातांचे फोटो काढून ठेवले नाहीत तर नंतर कुठला डाग कुणाचा हे कळायचं नाही.

शंकेखोर : छान. आता हेच एखाद्या चाळीत सांगा. पाणी सकाळी तासभर, बेसिन सहा जणांत एक, आई सव्वासहाची लोकल पकडणारी, मुलगा शाळेच्या डब्यात चकली नेणारा. त्याने दुपारी मधल्या सुट्टीत इंटरडेंटल ब्रश काढून तारेखालून फिरवायचा? तुमच्या सूचना बरोबर आहेत, पण त्या एका विशिष्ट घरासाठी लिहिलेल्या आहेत. स्वतःची खोली, वाहतं पाणी आणि पाळत ठेवायला मोकळं असलेलं एक माणूस, असं घर.

पुरस्कर्ता : म्हणून तर माझं मत असं आहे की ज्या मुलाला दोन-तीन महिने नुसते दात स्वच्छ ठेवता येत नाहीत त्याला तारा लावूच नयेत. आधी शिकवा, तपासा, हिरड्यांतून रक्त येणं थांबू द्या, मग ब्रॅकेट. मध्येच बिघडलं तर चक्क तारा काढा. वाकडा दात पुढेही सरळ करता येतो. विरघळलेलं एनॅमल कुणी परत आणून देत नाही. फार थोडे डॉक्टर असं थांबतात. हप्ता सुरू झालेला असतो, आणि आईबापांनाही घाई असते. मुलगी असेल तर लग्न ठरायच्या आत.

शंकेखोर : आणि इथे मी उलट बाजूला जाऊन बसतो. मघापासून तारांच्या विरुद्ध बोलणारा मी, पण तुमची ही अट मला भयंकर वाटते. तिने तुम्ही स्वच्छतेला प्रवेशपरीक्षा करून टाकलीत. नापास कोण होणार हे आधीच ठरलेलं आहे, तो चाळीतला मुलगा. त्याचे वरचे दात सेंटिमीटरभर पुढे आहेत, शाळेत त्याला नाव पडलंय, मैदानात तोंडावर आपटला तर पहिला तोच दात फुटणार. त्याला तुम्ही सांगणार, आधी घासायला शिक. आणि ज्याचे दात जेमतेम वाकडे आहेत, पण घरी इलेक्ट्रिक ब्रश आहे, तो पास.

पुरस्कर्ता : तुम्ही अगदी दुखरी जागा दाबलीत. आधी जे कबूल करायला हवं ते करतो. सरळ दात कमी किडतात असं आम्ही सर्रास सांगतो, त्याला पुरावा कमकुवत आहे. पण वरचे दात खूप पुढे असतील तर ते आपटून फुटण्याचा धोका वाढतो आणि वेळेत मागे घेतले तर तो कमी होतो, याला बरा पुरावा आहे. म्हणजे तुमच्या चाळीतल्या मुलाचा उपचार मला जास्त गरजेचा वाटतो, त्या दुसऱ्याचा कमी. मग अट सगळ्यांना सारखी कशी लावायची? कदाचित त्याला सगळ्या दातांवर ब्रॅकेट न लावता काढघाल करता येणारं उपकरण द्यावं, काम थोडं कमी सुबक झालं तरी चालेल. कदाचित दर महिन्याला त्याचे दात दवाखान्यातच स्वच्छ करून द्यावेत. मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, इथे कमी खर्चात ही कामं होतात. पण त्यासाठी त्याच्या आईला दर महिन्याला एक खाडा करावा लागतो. आणि तिथे तीन वर्षांचा एमडीएस करणारा विद्यार्थी केस घेतो, त्याचा अभ्यासक्रम संपतो, केस पुढच्याच्या हातात जाते. तारा निघतानाच कधी कधी सुरुवात करणारा डॉक्टर तिथे नसतो. दहा वर्षांनी रिटेनरची चौकशी कोण करणार? याचं उत्तर माझ्याकडे नाही. अट मात्र मी सोडणार नाही. तिचं ओझं मुलाच्या पाठीवरून दवाखान्याच्या पाठीवर टाकीन.

शंकेखोर : टाकाल की टाकायला हवं, दोन्हींत फरक आहे. बरं, राखणीकडे परत येऊ. मला वाटलं होतं, पट्टी हरवते म्हणून तक्रार करणाऱ्यांसाठी तुम्ही दातांच्या मागे तारच चिकटवून देता. लावायची आठवण नको, काढायची भानगड नको. मग प्रश्न मिटायला हवा होता.

पुरस्कर्ता : तो मिटत नाही, लपतो. चिकटवलेली तार चांगली, पण तिचं बिघडणं कळत नाही. एका दातावरचा सिमेंटचा ठिपका सुटतो, तार तिथेच राहते, जिभेला काही जाणवत नाही आणि तो एक दात निमूटपणे बाहेर निघतो. काही वेळा तार न सुटताच तिच्यात पीळ राहिलेला असतो. ती दात धरून ठेवायच्याऐवजी स्वतःच फिरवत नेते आणि वर्षांनी मूळ हिरडीतून डोकावायला लागतं. शिवाय खालच्या दातांच्या मागे लाळेची तोंडं असल्याने तिथे कीटण सगळ्यांत लवकर साचतं. तारेखालून फ्लॉस ओवायला वेगळी दोरी लागते, टोकाला ताठ असलेली. ती न वापरणाऱ्याने सहा महिन्यांनी सफाई करून घ्यायलाच हवी. पारदर्शक पट्टीचं दुखणं वेगळं. ती दिसत नाही म्हणून लोकांना आवडते आणि दिसत नाही म्हणूनच हरवते. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटात ठेवतात, वेटर उचलून नेतो. उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायला जातात, ती वाकडी होऊन निघते. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तरी तेच. थंड पाणी, साधा द्रवसाबण, मऊ ब्रश, बस्स. पेस्टने घासली तर ओरखडे पडतात आणि त्यात वास धरतो. ती घालून चहा प्यायला तर साखर पट्टीच्या आत दातांवर डबक्यासारखी साचून राहते, लाळ तिथे पोचत नाही. तारांऐवजी पारदर्शक अलायनर लावणाऱ्यांचं हेच, त्यांना तर तो दिवसातून वीस-बावीस तास घालायचा असतो आणि आपला चहा चार वेळचा. जुना हॉले रिटेनर, गुलाबी प्लास्टिकचा, पुढून तार दिसणारा, १९१९ पासून चालत आलेला. दणकट, दुरुस्त होणारा, पण त्याने बोलताना ‘स’ अडखळतो म्हणून मुलं काढून ठेवतात. यातला कुठला सर्वांत चांगला? वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये सगळे अभ्यास पुन्हा चाळले, खात्रीने कुणाला पहिला नंबर देता आला नाही. तेव्हा जो तुम्ही खरोखर लावाल तो.

शंकेखोर : पाहिलंत, हे तुम्ही आत्ता जेवढं सांगितलंत त्यातलं तारा काढण्याच्या दिवशी कुणी किती सांगतं? मुलीला घाई असते, ती पहिलं काम म्हणून पेरू खायला जाते. आणि त्या वेळी सांगून उपयोगही नसतो. सांगायचं ते सही करण्याआधी. माझी मागणी एवढीच आहे की पहिल्या दिवशीच्या कागदावर उपचाराचा खर्च आणि राखणीचा खर्च शेजारी शेजारी असावेत : दर काही वर्षांनी नवी पट्टी किती रुपयांना, मागची तार सुटली तर ती बसवून देणार कोण, गाव बदललं तर काय. हा कागद वाचून काही आईबाप माघारी फिरतील. फिरू देत. ज्याचे दात जरासे वाकडे आहेत आणि नीट चावता येतात त्याने तसेच राहावं, चाळिशीत ते तसेही दाटणारच आहेत, असं म्हणायला मला आता तुमच्याच तोंडचा आधार मिळाला.

पुरस्कर्ता : घ्या आधार. जरासे वाकडे असतील तर मीही तेच म्हणेन, आणि धंदा बुडेल म्हणून आवाज खाली आणणार नाही. पण तुमच्या कागदात एक भर घाला. तारा निघतात त्या दिवशी दातांचा शेवटचा ठसा किंवा स्कॅन होतो, त्यावरच रिटेनर बनतो. त्या स्कॅनची प्रत पेशंटने मागून घ्यावी आणि जपावी. पट्टी हरवली, डॉक्टर निवृत्त झाले, मुलगी सासरी बडोद्याला गेली, तरी तिथला लॅबवाला त्यावरून दुसरी पट्टी काढून देऊ शकतो, दात सरकायच्या आत गेली तर. आणि पट्टी आवळ वाटली तर ती जोराने बसवू नका. दोन-चार रात्री चुकल्या असतील तर ती हळूहळू बसते. पूर्ण बसतच नसेल तर दात सरकलेत, मग ती फेकून न देता घेऊन जा, किती सरकलेत ते तिच्यावरून कळतं.

शंकेखोर : हे तुम्ही मला सांगताय. सांगायला हवं तिला, आणि ती इथे नाही. माझ्या मनातला प्रश्न अजून तिथेच आहे : तेराव्या वर्षी ज्याला पुढची तीस वर्षं रोज रात्री एक गोष्ट करायचं कबूल करायला लावतो, त्याने ते कबूल केलं असं आपण कुठल्या आधारावर म्हणायचं? तुम्ही म्हणाल, मोठं झाल्यावर ती थांबवू शकते. मान्य. पण थांबवायचंही तिने ठरवून थांबवावं. हॉस्टेलमध्ये डबी हरवली म्हणून नव्हे.

पुरस्कर्ता : यावर मी नाही म्हणू शकत नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी तारा लागायच्या असतील तर त्यांनी पहिला हप्ता देण्याआधी हा प्रश्न आमच्यासारख्यांना विचारावा, मुलीला शेजारी बसवून विचारावा, आणि उत्तर देताना आम्ही तिच्याकडे बघून बोलतोय की तुमच्याकडे, तेवढं पाहून घ्यावं.